पाठमोरा जोतीराम

“भरतेश नाही आला?” दार उघडल्या उघडल्या कुमुदताईंनी विचारलं.

“त्याला पुण्याला जावं लागलं,” मी म्हणाले. “चित्रकला शिक्षकांचं शिबिर आहे. अचानक ठरलं.”

“आणि तू?”

“मी त्याची बहीण. पद्मजा.”

“अक्का होय! पत्रात असतेस की तू. ये आत. चहा घेऊ अन् निघू.”

भरतला जाऊन तेव्हा एकोणीस दिवस झाले होते.

सत्त्याऐंशी सालचा नोव्हेंबर. मी एकोणतीस वर्षांची होते, कऱ्हाडला एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करत होते. भरत माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान. सांगलीला शाळेत चित्रकला शिकवायचा आणि उरलेल्या सगळ्या वेळात एक फिल्म सोसायटी चालवायचा. मिरज रस्त्यावर खडीवरून त्याची स्कूटर घसरली आणि डोकं दगडावर आपटलं. समोरून गाडी नव्हती, पाऊस नव्हता, घाई नव्हती. सरळ रस्ता होता.

तो गेला तेव्हा त्याच्या टेबलावर एक कार्यक्रम अर्धवट पडला होता. ‘मुक्काम अंधारी’ हा त्रेपन्न सालचा कृष्णधवल भुताचा सिनेमा, त्याची पुण्याच्या संग्रहालयातून महत्प्रयासाने मिळवलेली एकुलती एक प्रिंट, आणि सिनेमानंतर त्यातल्या नायिकेची, कुमुद नेसरीकरांची, मुलाखत. ताई कोल्हापुरात असत आणि गेल्या वीस वर्षांत कुठल्याही कार्यक्रमाला गेल्या नव्हत्या. भरतने त्यांना तीन वर्षं पत्रं लिहिली. शेवटी त्या हो म्हणाल्या.

सोसायटीचे अध्यक्ष निमशिरगावकर सर घरी आले होते. साठीचे, भरतचे जुने मुख्याध्यापक. “पद्मजा, आपण रद्द करू,” ते म्हणाले.

“प्रिंट परत मिळेल?”

“ते नाही सांगता येत.”

“मग करू या. मी घेईन मुलाखत. त्याचे प्रश्न लिहिलेले आहेत.”

“बाईंना काय सांगायचं?”

“आत्ता काही नको. कळलं तर त्या येणार नाहीत, किंवा आल्या तरी शोकसभा होईल. कार्यक्रम झाल्यावर मी सांगते.”

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग ते एकेका सभासदाकडे सायकलवरून जाऊन आले. कुणी बाईंसमोर विषय काढायचा नाही, असं ठरलं.

मी रडले नव्हते, ते मला दिवसांवरून कळायचं. आज दहावा, आज तेरावा, अजून नाही. आंघोळीनंतर कानात पाणी राहतं तसं काहीतरी झालं होतं. माणसं बोलायची, ते लांबून ऐकू यायचं. मी उत्तरं द्यायचे आणि ती बरोबर असायची.

कुमुदताई साठीला टेकलेल्या होत्या. उंच, सावळ्या, केसांत जराही काळं उरलेलं नव्हतं. चहाबरोबर त्यांनी मला खारी दिली आणि मी ती पूर्ण खाल्ली की नाही ते बघितलं. मग आम्ही भाड्याच्या अँबॅसिडरमधून निघालो.

“तुझा भाऊ म्हणजे कमाल आहे हां,” त्या म्हणाल्या. “पहिल्याच पत्रात विचारलं, अंधारीतलं धुकं कशाचं होतं? लोक मला माझं वय विचारतात.”

“कशाचं होतं?”

“ओली पोती जाळायची. वर ऊद टाकायचा. आमचे डोळे असे लाल व्हायचे! पण फिल्म काळी-पांढरी, त्यामुळे लाल दिसत नाही. नुसते पाणावलेले दिसतात. आणि कंदील? आत विजेचा दिवा होता. वायर माझ्या बाहीतून, पदराखालून, थेट स्टुडिओच्या भिंतीपर्यंत. मी जंगलात वाट चुकलेली बाई आणि मागं ही शेपटी.”

मी हसले. हसायचं ठिकाण आलं होतं हे कळत होतं.

“आणि जोतीराम खटावकर?” मी विचारलं. भुताचं काम त्यांनी केलं होतं आणि ते वारून दहा वर्षं झाली होती. भरतने त्यांचा पडद्यावरचा चेहरा पेन्सिलीने पंधरा-वीस वेळा काढला होता.

ताईंचा आवाज जरा खाली आला. “तालमीतला गडी. सहा फूट तीन इंच. दिसायला असा, पण अंधाराला भ्यायचा. खरंच सांगते. लाइट गेले की ‘कुमुद, आहेस का गं?’ म्हणून हाक मारायचा. दिग्दर्शक त्याला म्हणाले, भुताला काही रंगरंगोटी नको. तू फक्त पापणी लववू नकोस आणि कधी घाई करू नकोस. बास. तेवढ्यावर महाराष्ट्र घाबरला.”

हातकणंगले मागे पडलं. उसाच्या गाड्या सुरू झाल्या होत्या.

“त्याचा शेवटचा प्रश्न आहे ना तुझ्याकडे?” त्यांनी विचारलं.

“आहे.”

“तो राहू दे शेवटालाच. त्याचं उत्तर त्याला समोर बसवून देणार होते. पुण्याला काय जायचं होतं ह्याच वेळेला!” त्या खिडकीबाहेर बघत म्हणाल्या.

सकाळी दहाच्या खेळाला थिएटर भरलं होतं. एरवी सोसायटीच्या सिनेमाला साठ-सत्तर माणसं यायची, त्या दिवशी मागे उभे राहिलेले लोक होते. सगळे भरतसाठी आले होते आणि कुणीही तसं म्हणत नव्हतं. ताईंना सगळ्यांनी वाकून नमस्कार केले. सरांनी त्यांच्यासाठी गादीची खुर्ची मागवली, चहा आणला आणि दहा मिनिटांत पुन्हा चहा आणला.

“सांगलीची माणसं फार अगत्याची,” ताई मला म्हणाल्या.

मग अंधार झाला.

‘मुक्काम अंधारी’ मी आधी पाहिला नव्हता. भरतकडून इतकं ऐकलं होतं की पाहायची गरज वाटली नव्हती. घाटात दरड कोसळते आणि बदलीच्या गावी निघालेली एक शाळामास्तरीण सरकारी विश्रामगृहात अडकते. तिथे एकच माणूस, चौकीदार. तो तिला जेवायला वाढतो, बिछाना घालतो, कंदील देतो. अतिशय सभ्य. हळूहळू तिच्या लक्षात येतं की त्याला मरून बारा वर्षं झाली आहेत, आणि ते त्यालाच माहीत नाही. 

सिनेमात उंदीर, वटवाघळं, सांगाडे यांतलं काही नाही. एक लांब व्हरांडा आहे आणि त्याच्या टोकाला जोतीराम उभा आहे. तो चालत येतो. कॅमेरा हलत नाही. तो येतच राहतो. शेजारच्या रांगेतली एक बाई “अगं बाई” म्हणाली आणि तिने नवऱ्याचा हात धरला. चौतीस वर्षांपूर्वीची ओली पोती जळत होती आणि माणसं घाबरत होती. ताईंचा चेहरा तेव्हा किती कोवळा होता! त्या कंदील उचलायच्या तेव्हा खालून उजेड पडायचा आणि गालाची हाडं वर यायची. त्या भीती दाखवत नव्हत्या, लपवत होत्या. चौकीदाराला वाईट वाटू नये म्हणून. भरत म्हणायचा, ह्या सिनेमात भीती नाही अक्का, भिडस्तपणा आहे. ते मला त्या दिवशी समजलं.

शेवटून दुसऱ्या रिळात तो शॉट येतो. त्याच्यावर लेख लिहिले गेले होते. जोतीराम पाठमोरा आहे, त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवलेला आहे आणि त्याच्या खांद्यावरून तिचा चेहरा दिसतो आहे. आता ती किंकाळी फोडणार, असं आपल्याला वाटतं. ती फोडत नाही. चाळीस सेकंद ती त्याच्याकडे नुसती बघते. आवाजही नाही. वारा नाही, संगीत नाही. चेहऱ्यावर काहीच होत नाही, आणि तेच बघवत नाही.

मी बघू शकले. मला तो चेहरा ओळखीचा वाटला. सकाळी केस विंचरताना मी तो आरशात पाहिला होता.

सिनेमा संपल्यावर टाळ्या खूप वेळ चालल्या. पडद्यापुढे दोन खुर्च्या आणि एक माइक मांडला. मी भरतचे कागद काढले. ड्रॉइंग पेपरचे कापून केलेले चौकोन, त्यांवर त्याचं ठसठशीत अक्षर. मी प्रश्न वाचत गेले, ताई उत्तरं देत गेल्या. शेपटीची गोष्ट सांगितल्यावर लोक हसले. जोतीराम अंधाराला भ्यायचे हे ऐकल्यावर आणखी हसले. मग शेवटचा चौकोन उरला.

“शेवटून दुसऱ्या रिळातला तुमचा शॉट,” मी वाचलं, “मी सोळा वेळा पाहिला आहे. त्यात जोतीराम पाठमोरे आहेत. पण त्यांच्या कानाखालचा जबडा हलतो. ते काहीतरी बोलत आहेत. पटकथेत तिथे संवाद नाही. ते काय बोलत होते?”

ताईंनी माइक माझ्याकडून घेतला.

“हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही,” त्या म्हणाल्या. “पण चौतीस वर्षांत कुणाला दिसलंच नव्हतं की तो बोलतोय. या मुलाला दिसलं.”

त्यांनी मांडीवरचा पदर नीट केला.

“माझं तेव्हा लग्न झालेलं होतं. मुलगी होती सव्वातीन वर्षांची, छबू. पोस्टरवर माझ्या नावाआधी ‘कुमारी’ छापायचे, म्हणून ती गोष्ट गुपित. ती नेसरीला माझ्या बहिणीकडे असायची. त्या दिवशी सकाळी स्टुडिओत तार आली. ती माझ्या हातात नाही आली, मालकांनी घेतली. छबू घटसर्पानं गेली होती. संध्याकाळी सेट मोडायचा होता, दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पिक्चरला जागा द्यायची होती. मालक म्हणाले, शॉट होऊ दे, मग सांगू.”

कुणीतरी खोकलं आणि मधेच थांबलं.

“सगळ्यांना माहीत होतं. रंगवणाऱ्याला, लाइटवाल्यांना, शिंप्याला. फक्त मला नाही. दिवसभर माझ्याशी सगळे इतकं गोड बोलत होते! मला वाटलं, आज माझं काम चांगलं होतंय.”

माझ्या हातात चौकोनी कागद होते. त्यांच्या कडा बोटांना लागत होत्या.

“त्या शॉटला आवाज घेत नव्हते. किंकाळी नंतर भरायची होती. जोतीरामनं खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाला, ‘कुमुद, तुझी छबू सकाळी गेली. तार मालकांच्या खिशात आहे. मला हे घेऊन तुझ्यासमोर उभं राहवत नाही. तुला जायचं असलं तर आत्ता उचलून नेतो. बघू कोण अडवतंय.’ एवढंच बोलला. चाळीस सेकंद लागले.”

त्यांनी माइक दुसऱ्या हातात घेतला.

“लोक म्हणतात, काय अभिनय केलाय. मला काही वाटतच नव्हतं हो. त्याच्या मिशीला पावडर लागली होती, ती मी बघत होते. कुणी म्हणेल, खटावकरानं कॅमेऱ्यासमोर सांगायला नको होतं, निर्दयपणा केला. मी तसं मानत नाही. त्या अख्ख्या स्टुडिओत एकट्या त्यालाच मला फसवणं जमलं नाही.” मग त्या एकदम माझ्याकडे वळल्या, आणि चेहरा मोकळा झाला. “हे तुझ्या भावाला सांगायला आले होते मी. पुण्याहून कधी येतोय तो?”

ताईंनी समोर पाहिलं. पहिल्या रांगेत निमशिरगावकर सर खाली मान घालून बसले होते. त्यांच्या मागची रांग, तिच्या मागची. कुणीही त्यांच्याकडे बघत नव्हतं.

“काय झालं?” त्या म्हणाल्या. “असे का बसलाय सगळे?”

मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्या लक्षात आलं की सरांनी त्यांना दहा मिनिटांत दोनदा चहा दिला होता, स्टुडिओतल्या त्या गोड बोलण्यासारखा.

माइक त्यांच्या हातात होता, आमच्या दोघींच्या मधे. मी म्हणाले ते सगळ्यांना ऐकू गेलं.

“भरत पुण्याला नाही गेला. भरत वारला. एकोणीस दिवस झाले. स्कूटर घसरली.”

त्यांनी डोळे मिटले नाहीत.

“मला कधी सांगणार होतीस?”

“कार्यक्रम झाल्यावर.”

“हं,” त्या म्हणाल्या.

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी माइक खुर्चीवर ठेवला आणि उठल्या. “झाला कार्यक्रम. घरी आई असतील ना? चल.”

घरी ओट्यावर बापूकाका बसले होते, वडिलांचे धाकटे भाऊ. वडील गेल्यापासून आमचं सगळं त्यांनीच पाहिलं होतं. मी त्यांच्याशी एकोणीस दिवस एक शब्दही बोलले नव्हते. त्या दुपारीही त्यांच्या शेजारून तशीच आत गेले.

आई सतरंजीवर भिंतीला टेकून बसली होती. ताई तिच्या शेजारी खालीच बसल्या. आईने त्यांना लगेच ओळखलं.

“तुम्ही आलात,” ती म्हणाली. “फार वाट बघत होता.”

“मला आत्ता कळलं. हिनं सांगितलं नव्हतं.”

आईने माझ्याकडे पाहिलं. ताईंनी छबूची गोष्ट तिला पुन्हा सांगितली, थोडक्यात. आई ऐकत राहिली.

“मग तुम्हाला रडू कधी आलं?” तिने विचारलं.

“वर्ष-सव्वा वर्षानं. विनोदी पिक्चर होता. मी लाडू वळत होते आणि नायक काहीतरी गंमत करत होता. एकदम सुरू झालं ते थांबेचना. अख्खा दिवस शूटिंग बंद.”

आईच्या नाकातून एक आवाज आला. हसण्यासारखा होता.

“ही अजून रडली नाही,” ती म्हणाली.

“असू दे,” ताई म्हणाल्या. मग मला विचारलं, “तुला कुणी सांगितलं?”

मला कुणी हे विचारलं नव्हतं. मी सांगत गेले. “कॉलेजच्या ऑफिसात फोन आला. बापूकाकांचा. म्हणाले, भरतला लागलंय, सीरियस आहे, निघून ये. मी एसटीने निघाले, अडीच तास लागतात. बसमध्ये मी रजेचा अर्ज मनात लिहून काढला. महिनाभराची रजा, त्याच्या उशाशी कोण बसणार म्हणून. शेजारी एक म्हातारी होती. तिला सांगितलं, भावाला लागलंय, पण तरुण आहे, बरा होईल. ती म्हणाली, होईल की. इस्लामपूरला गाडी थांबली तेव्हा मी उतरून मोसंबी घेतली. रस देता येईल म्हणून. पिशवी घेऊन दवाखान्यात गेले, तर कुणी माझ्याकडे बघेना. त्याला जाऊन तेव्हा चार तास झाले होते. काकांनी फोन केला तेव्हाच त्यांना माहीत होतं. अडीच तास मी… मला खोटं सांगितलं,” मी म्हणाले.

बाहेर ओट्यावर काका आहेत, त्यांना ऐकू गेलं असणार, हे मला कळत होतं.

“बापूंनी नाही,” आई म्हणाली.

“काय?”

“ते खरंच सांगणार होते. फोन उचलला होता त्यांनी. मी म्हटलं, सीरियस आहे म्हणा. तू बसमध्ये एकटी असणार होतीस. अडीच तास.” ती आपल्या तळव्यांकडे बघत होती. “माझा धीर नाही झाला.”

मला तिच्यावर राग यायला हवा होता. मी थांबून वाट पाहिली. आला नाही. दुसरंही काही आलं नाही. मी फक्त बसमधल्या त्या बाईकडे बाहेरून बघत होते. मांडीवर पिशवी घेऊन बसलेली, रजेचे दिवस मोजणारी, भाऊ असलेली. तिला ते अडीच तास कुणीतरी दिले होते.

कुमुदताई आमच्यापैकी कुणाच्या बाजूने बोलल्या नाहीत. त्यांनी आईचा हात आपल्या हातात घेतला, एवढंच.

मग आईने विचारलं, “मोसंबी आणली होतीस?”

“सहा.”

“कुठायत?”

“दवाखान्याच्या बाकावर राहिली.”

आईने विचार केला.

“कुणीतरी खाल्ली असतील,” ती म्हणाली.

“असतील.”

मी उठले आणि ओट्यावर गेले. काका गुडघ्यांवर कोपरं टेकून बसले होते. त्यांची दाढी वाढलेली होती. त्यातली निम्मी पांढरी झाली होती, हे मी तोवर पाहिलं नव्हतं.

“काका,” मी म्हणाले, “आत चला. पानं वाढते.”